पालघरची पोस्ट कोणाच्या कानाने ऐकायची?

१८ नोव्हेंबर २०१२, रविवार. आदल्या दिवशी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले होते. शिवाजी पार्ककडे लोकांची रीघ लागली होती आणि मुंबई बंद होती. विरार सोडले की वैतरणा, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर. त्या पालघरमध्ये एकवीस वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. आशय असा, की माणसे रोज जन्मतात, रोज जातात, जग काही थांबत नाही. आज शहर बंद आहे ते आदरापोटी नव्हे, भीतीपोटी. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट ‘लाइक’ केली.

स्थानिक शाखाप्रमुखाने तक्रार दिली. जमावाने त्या मुलीच्या काकांच्या हाडांच्या दवाखान्यातले सामान फोडले. सोमवारी पोलिसांनी दोघींना अटक करून न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले आणि पंधरा-पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर त्या सुटल्या. एकीने लिहिले होते, दुसरीने नुसते बोट टेकवले होते. गुन्हा मात्र दोघींवर. त्यांची नावे तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत आली. इथे ती पुन्हा छापण्याचे कारण नाही.

पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता, वसईसारखाच. स्वतंत्र पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला आणि डहाणूपर्यंत मुंबईची लोकल धावू लागली तीही या घटनेनंतर, २०१३ मध्ये. अशा आडबाजूच्या गावातल्या त्या ‘लाइक’मुळे अडीच वर्षांच्या आत संसदेने केलेले एक आख्खे कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. भारतीय कायद्याच्या इतिहासात इतक्या छोट्या कृतीचा इतका मोठा परिणाम क्वचितच झाला असेल.

ते कलम म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ. २००८ च्या दुरुस्तीने आलेले, २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात असलेले. संगणकावरून किंवा फोनवरून ‘अतिशय आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे, किंवा खोटी माहिती पाठवून कोणाला सतत त्रास देणे, गैरसोय करणे, अपमान करणे, दुर्भावना निर्माण करणे, या सगळ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. गुन्हा दखलपात्र, म्हणजे वॉरंटाशिवाय अटक. त्रास आणि गैरसोय! ज्याच्या फोनमध्ये नातेवाइकांचा एक तरी व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तो या व्याख्येतून सुटणे कठीण. त्याच वर्षी कोलकात्यात मुख्यमंत्र्यांवरचे व्यंगचित्र पुढे पाठवणाऱ्या प्राध्यापकाला आणि मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना अटक झाली होती.

या शब्दांचे मूळ ब्रिटिश आहे. टेलिफोनवरून शिवीगाळ करणाऱ्यांना आळा घालण्यासाठी १९३५ मध्ये तिथल्या टपाल कायद्यात अशा अर्थाची तरतूद आली आणि पुढे ती २००३ च्या संचार कायद्यात उतरली. तिथे ती एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला जाणाऱ्या निरोपासाठी होती. आपण तेच शब्द उचलून, एकाच वेळी हजारो लोक वाचतात त्या फेसबुकच्या भिंतीवर लावले.

आता राज्यघटना काय म्हणते ते पाहू. अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो. लगेच पुढचा खंड, १९(२), राज्याला त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा देतो, पण आठच कारणांसाठी: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. या यादीत ‘त्रास’ नाही, ‘गैरसोय’ नाही, ‘भावना दुखावणे’ही नाही. भावना दुखावल्याचे कारण सांगायचे तर ते सुव्यवस्थेच्या किंवा नीतिमत्तेच्या दारातून आत आणावे लागते.

ही यादीसुद्धा घटना लागू झाली तेव्हा अशी नव्हती. तिला हा आकार येण्यामागे मुंबईतले एक साप्ताहिक आहे. रोमेश थापर यांचे ‘क्रॉस रोड्स’ मुंबईत निघत असे. मद्रास सरकारने सार्वजनिक सुव्यवस्थेचे कारण देऊन त्याला आपल्या प्रांतात बंदी घातली. २६ मे १९५० रोजी, घटना लागू होऊन चारच महिने झाले असताना, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ मजकुरात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारणच नाही. राज्याची सुरक्षितता धोक्यात येईल इतके गंभीर काही असेल तरच बंदी टिकेल. बंदी उठली. सरकारने त्यावर पुढच्या वर्षी पहिली घटनादुरुस्ती आणली आणि सुव्यवस्था, मैत्रीचे संबंध, चिथावणी ही कारणे यादीत घातली. हक्क आकुंचन पावला यात शंका नाही. पण त्याच दुरुस्तीने ‘निर्बंध’ या शब्दाआधी ‘वाजवी’ हे विशेषणही बसले, जे भाषणस्वातंत्र्याच्या खंडात आधी नव्हते. पुढच्या पाऊणशे वर्षांत न्यायालयाने केलेले बहुतेक काम या एका विशेषणाच्या आधाराने झाले आहे.

वाजवी म्हणजे काय, याचे पहिले मोजमाप भाषणावरून नव्हे, विडीवरून झाले. मध्य प्रांतात शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून काही गावांत विड्या वळायलाच बंदी होती. चिंतामण राव खटल्यात १९५० साली न्यायालय म्हणाले की हेतू चांगला आहे, पण म्हातारी माणसे, लहान मुले, आजारी माणसे यांचे काय? ती काही शेतावर जाणार नव्हती, त्यांची विडी का बंद? गरजेपेक्षा जास्त पसरलेला निर्बंध वाजवी नाही. १९५२ मध्ये व्ही. जी. राव खटल्यात कसोटी आणखी स्पष्ट झाली: हक्क कोणता, निर्बंधाचा हेतू काय, अनिष्ट केवढे, निर्बंध त्याच्या मानाने केवढा, आणि त्या वेळची परिस्थिती काय. आज कायद्याच्या वर्गात ‘प्रमाणबद्धता’ म्हणून जे शिकवले जाते त्याचे बी या दोन निकालांत सापडते.

भाषणाच्या बाबतीत मात्र मोजायचे काय, हा अवघड प्रश्न आहे. विडी मोजता येते, शब्दाचा परिणाम कसा मोजणार? माझ्या मते न्यायालये शब्दांपेक्षा ऐकणाऱ्याला मोजतात. ऐकणारा कसा माणूस आहे असे गृहीत धरायचे, यावर सगळे ठरते. आणि हा विचार ज्या न्यायालयातून आला ते नागपूरचे होते.

१९४६ साली, स्वातंत्र्याच्या आधी, मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारविरुद्ध भगवती चरण शुक्ल हा खटला नागपूर उच्च न्यायालयात चालला. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तिथे लिहिले की लेखनाचा परिणाम विवेकी, खंबीर, धीट माणसांच्या मापाने तपासायचा. प्रत्येक विरोधी मतात ज्यांना संकटाचा वास येतो अशा दुबळ्या, डळमळीत मनांच्या मापाने नाही. बोस पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यांचे हे माप आजही निकालांत पुन्हा पुन्हा निघते.

दुसरे महत्त्वाचे माप दिले तेही नागपूरशी संबंधित न्यायमूर्तींनी. मोहम्मद हिदायतुल्ला यांनी नागपुरात वकिली केली होती आणि तिथल्या उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायमूर्तीही होते. राममनोहर लोहिया यांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात १९६५ मध्ये त्यांनी तीन वर्तुळे कल्पिली, एकात एक. सर्वांत बाहेरचे मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सगळ्यांत आतले लहान वर्तुळ राज्याच्या सुरक्षिततेचे. दोन माणसांची मारामारी कायदा मोडते, पण तेवढ्याने समाजाचे जगणे विस्कटत नाही. घटनेत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आहे, म्हणून बाहेरच्या वर्तुळातले काहीही दाखवून माणसाचे बोलणे थांबवता येणार नाही.

पालघरच्या त्या रविवारवर ही वर्तुळे ठेवून बघण्यासारखी आहेत. दवाखान्याची मोडतोड झाली, म्हणजे सुव्यवस्था बिघडली हे खरे. पण ती बिघडवली कोणी? पोस्ट लिहिणारीने की दगड उचलणाऱ्याने? याचे उत्तर १९८९ मध्येच देऊन झाले होते. ‘ओरे ओरु ग्रामथिले’ या तमिळ चित्रपटावरून उठलेल्या रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की जमाव चिडेल, मोर्चे निघतील, म्हणून अभिव्यक्ती दाबता येत नाही. चिडलेल्या जमावाला आवरणे हे राज्याचेच काम, ते जमत नाही अशी सबब चालणार नाही. भाषण आणि अनर्थ यांचे नाते दारूगोळ्यात पडलेल्या ठिणगीइतके जवळचे हवे. पालघरच्या ठाण्यात त्या दिवशी हा निकाल कोणाच्या लक्षात आला नाही. नोव्हेंबर संपण्याआधी दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, दंडाधिकाऱ्यांची उच्च न्यायालयाने बदली केली, पुढे पोलिसांनीच प्रकरण बंद केले.

प्रकरण बंद झाले, कलम नाही. नोव्हेंबरच्या शेवटी दिल्लीतली एक विद्यार्थिनी, श्रेया सिंघल, थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१२ ची फौजदारी रिट याचिका क्रमांक १६७. तिला इतर याचिका येऊन मिळाल्या. सरकारने जानेवारी २०१३ मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करू नये असे परिपत्रक काढले. न्यायालयाचे तेवढ्याने समाधान झाले नाही. निकाल लागला २४ मार्च २०१५ रोजी, न्या. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाचा. लिहिला नरिमन यांनी.

त्यातला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे बोलण्याच्या तीन पायऱ्या. चर्चा, समर्थन, चिथावणी. एखाद्या मताची चर्चा करणे, अगदी ते कितीही अप्रिय असो, त्याचे हिरिरीने समर्थन करणे, या दोन्ही पायऱ्या हक्काच्या आत आहेत. तिसऱ्या पायरीवर, चिथावणीवर, १९(२) चा अंमल सुरू होतो. कलम ६६अ या तिन्हींत फरकच करत नव्हते. शिवाय ते संदिग्ध होते. ही संदिग्धता दाखवायला नरिमन यांनी फार सुरेख उदाहरणे घेतली, तीही इंग्लंडचीच, म्हणजे जिथून आपण शब्द उचलले तिथली. एका खटल्यात खालच्या दोन न्यायालयांना संदेश ‘अतिशय आक्षेपार्ह’ वाटले नाहीत, हाउस ऑफ लॉर्ड्सला वाटले. दुसऱ्यात बर्फामुळे विमानतळ बंद पडल्यावर वैतागलेल्या एका तरुणाने, विमानतळ उडवून देईन, असे ट्विटरवर चेष्टेने लिहिले. खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले, वरच्याने सोडले. कायद्यात मुरलेल्या डोक्यांचे जर एकाच मजकुरावर उलटसुलट निष्कर्ष निघतात, तर सामान्य नागरिकाने आणि ठाण्यातल्या अंमलदाराने कोणती रेष पाळायची?

सरकारी बाजूने हमी देण्यात आली की कलमाचा दुरुपयोग होणार नाही. न्यायालयाने ती मानली नाही: सरकारे येतात, जातात, कलम राहते; आजचे सरकार उद्याच्या सरकारच्या वतीने शब्द देऊ शकत नाही. कलम पूर्णपणे रद्द झाले.

तरी निकाल नीट वाचला तर त्यातली मर्यादाही दिसते, आणि उत्साहात ती बऱ्याचदा सुटते. इंटरनेटवर मजकूर क्षणात पसरतो, म्हणून इंटरनेटसाठी वेगळा कायदा करणे हा भेदभाव नाही, हे न्यायालयाने मान्य केले. संकेतस्थळे रोखण्याचा सरकारचा ६९अ कलमाखालचा अधिकारही कायम ठेवला. म्हणजे एका हाताने दार उघडताना दुसऱ्या हाताने खिडकीची कडी लावून घेतली.

२०१५ चा तो उन्हाळा मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. सिंघल निकालाच्या आठवडाभर आधी, १७ मार्चला, मुंबई उच्च न्यायालयाने असीम त्रिवेदींच्या अटकेवरून उठलेल्या संस्कार मराठे यांच्या याचिकेत राजद्रोहाचे कलम लावण्याआधी पोलिसांनी काय तपासावे याच्या सूचना मार्गी लावल्या. आणि १४ मे रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने जवळजवळ उलट्या दिशेचा निकाल दिला. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंतर्गत बुलेटिनमध्ये छापली गेली होती. तक्रार झाली, लातूरच्या न्यायालयात खटला उभा राहिला आणि एकवीस वर्षांनी देविदास तुळजापूरकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने दिल्लीत निकालात निघाला. प्रकाशक आणि मुद्रक सुटले, कारण प्रकाशकाने पूर्वीच माफी छापली होती. कवीवरचा अश्लीलतेचा आरोप मात्र शिल्लक ठेवला गेला. कारण? गांधींसारख्या ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी किंवा नावाभोवती असे शब्द घालताना समकालीन समाजाच्या मापाची पातळी वर जाते.

म्हणजे इथे ऐकणारा बदलला. पालघरच्या पोस्टला न्यायालयाने खंबीर वाचक दिला, गुर्जरांच्या कवितेला श्रद्धाळू. ‘आदरणीय व्यक्ती’ असा वर्ग १९(२) च्या आठ कारणांत कुठे बसतो, हे मला त्या निकालात पटण्याजोगे सापडत नाही. तोच तर्क सात आठवडे आधी त्या फेसबुक पोस्टला लावला असता तर? बाळासाहेबही लाखोंसाठी आदरणीयच होते.

पुढे २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात घटनापीठाने म्हटले की १९(२) मधली कारणे ही पूर्ण यादी आहे, न्यायालयांनी तिच्यात नवी भर घालायची नाही. त्याने कवितेबाबतचा निकाल उलटला नाही, पण त्याच्या पायाखालची जमीन नक्कीच अरुंद झाली.

रद्द झालेल्या कलमाची पुढची कहाणी तर अजब आहे. ते मेलेच नाही. पोलीस ठाण्यांत ६६अ खाली गुन्हे नोंदवणे चालूच राहिले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २०२१ मध्ये न्यायालयापुढे आकडे ठेवले: अकरा राज्यांच्या जिल्हा न्यायालयांत तेव्हा ७४५ खटले जिवंत होते. नोंदींत महाराष्ट्राचे नाव वरच्या रांगेत होते. सुनावणी योगायोगाने नरिमन यांच्याच खंडपीठापुढे होती. आपण सहा वर्षांपूर्वी रद्द केलेल्या कलमाखाली लोक अजून खेटे घालताहेत, हे ऐकून ते थक्क झाले. महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी कारण सांगितले ते अगदी व्यवहारातले होते. छापील कायद्याच्या पुस्तकात कलम ६६अ जसेच्या तसे आहे आणि ते रद्द झाल्याची नोंद आहे ती खाली, तळटिपेत. गुन्हा नोंदवणारा अंमलदार कलम वाचतो, तळटीप वाचत नाही. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने चालू खटल्यांतून हे कलम काढून टाकण्याचा आदेश दिला, आणि त्यासोबत असेही सांगितले की सरकारी असो वा खासगी, यापुढे कोणत्याही प्रकाशनात ६६अ छापले तर ते रद्द झाल्याचे वाचकाला पुरेसे स्पष्ट सांगितले पाहिजे.

६६अ गेले म्हणजे काहीही लिहिता येते, असा अर्थ वसई-विरारच्या कोणा ग्रुप ॲडमिनने काढू नये. गटागटांत वैर वाढवणे, धर्मभावनांचा हेतुपुरस्सर अपमान, अफवा पसरवणे, बदनामी, हे सगळे भारतीय न्याय संहितेत नव्या क्रमांकांनी आहेच. जुने १५३अ आता १९६, २९५अ आता २९९, ५०५(२) आता ३५३(२). पालघरच्या मुलींवर ५०५(२) देखील लावले होते. तेव्हा प्रश्न पुन्हा ऐकणाऱ्यापाशी येतो.

त्याची अलीकडची उत्तरे मूळच्या ठाण्याच्या न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने दिली. त्यांनी वकिलीची सुरुवात ठाणे जिल्हा न्यायालयात वडिलांच्या हाताखाली केली होती. मार्च २०२४ मध्ये त्यांच्यापुढे कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयीन प्राध्यापकाचे प्रकरण होते. कलम ३७० हटवल्याचा दिवस काळा दिवस आहे आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, असे व्हॉट्सॲप स्टेटस त्यांनी ठेवले होते. मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने व्हिव्हियन बोस यांचे नागपुरी माप काढले आणि गुन्हा रद्द केला: थोडी डळमळीत मने चिडू शकतात, एवढ्यावर गुन्हा ठरत नाही. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात ओक यांनी तेच माप पुन्हा वापरले आणि एक कामाची गोष्ट जोडली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे तीन वर्षे किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. भाषण-लेखनाच्या तक्रारीत हा मार्ग घेणेच नेहमी योग्य, असे न्यायालय म्हणाले.

२०१२ मध्ये पालघरात रविवारी पोस्ट आणि सोमवारी अटक झाली होती. तशीच तक्रार आज आली तर चौदा दिवसांची ही चौकशी मागता येते. मात्र तिला पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. पालघर अजून जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हद्दीत आहे, म्हणून तिथे ती उपअधीक्षकांकडून येईल. वसई-विरार २०२० पासून मीरा-भाईंदरसह पोलीस आयुक्तालयात आहे, तिथे ती सहायक पोलीस आयुक्तांच्या टेबलावरून येईल.